दहा पावलांवरून

"चार म्हण," फ्रांझ इझाक म्हणाला. "चार म्हटलंस तर तुझं काय जाणार आहे?"

युस्टिना बोशमाननं काचेची नळी खिडकीच्या उजेडात, बरोबर डोळ्यांच्या रेषेत धरली होती. खाली ॲसिडचा काळपट थर, वर लोण्याचा पिवळा, नितळ थर. त्याचा वरचा काठ जिथे किंचित वाकतो, त्या वाकाच्या तळाशी आकडा वाचायचा असतो.

"तीन पूर्णांक सात," ती म्हणाली.

"अगं, काठावर आहे तो. जरा टाचा उंच करून बघ."

"टाचा उंच केल्या की जास्तच दिसतं. म्हणून तर करत नाही."

"आता गायीला काय तोंड दाखवू मी?"

"तिला म्हणावं, पाणी जरा कमी पी."

"पाणी मी घातलेलं नाही हं, युस्टिना!"

"मी गायीविषयी बोलतेय."

किटल्या घेऊन रांगेत थांबलेल्या दोघी-तिघी खळखळून हसल्या. फ्रांझही हसला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, चार वर्षांपूर्वी बायको गेलेला हा माणूस रोज सकाळी वसाहतीच्या डेअरीत दूध घेऊन यायचा आणि रोज काहीतरी बोलून रांगेला हसवून जायचा. युस्टिनाच्या आकड्याबद्दल त्यानं कधी मनापासून वाद घातला नव्हता. तसा तो कुणीच घालत नसे. इतर गावांत दुधाचा कस पुन्हा तपासून घेणारे लोक होते; इथे युस्टिना म्हणाली की संपलं. तरुणपणी, रशियात असताना, ती दोन वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करत होती. तिथून तिनं एवढी एकच गोष्ट इथवर, समुद्रापार, चाको नावाच्या या कोरड्या मुलखाच्या धुळीत, आणली होती: दिसतं तेवढंच सांगायचं.

आज मात्र फ्रांझ किटली घेऊन लगेच निघाला नाही. टोपी हातात फिरवत उभा राहिला. रांग पांगल्यावर हळू आवाजात म्हणाला, "मारीखे येईल दुपारी तुझ्याकडे. तिच्यावर रागावू नकोस."

"मी कशाला रागावू?"

"तुझ्या भावाची बायको आहे ती. म्हणून म्हटलं."

युस्टिनानं नळी गरम पाण्यात बुडवली आणि ब्रशनं आतून घासायला लागली. फ्रांझ थोडा वेळ थांबला आणि गेला.

*

दुपारी उत्तरेचा वारा सुटला. जानेवारीत, इथल्या ऐन उन्हाळ्यात, तो भट्टीच्या तोंडातून आल्यासारखा येतो. भुईमुगाची पानं दुपारीच मिटून घेतात आणि घरातल्या घरात दातांखाली माती लागते. मारीखे डोक्याचा रुमाल तोंडावर ओढून आली. येताना कलिंगड आणि सकाळी तळलेल्या कणकेच्या पट्ट्या घेऊन आली होती. दोघी ओसरीच्या सावलीत बसल्या. मारीखेनं कलिंगड चिरलं. तिच्या हातांकडे युस्टिनाचं लक्ष गेलं. सात वर्षं एकटीनं बैल जुंपून कापूस आणि ज्वारी काढलेले हात होते ते. वसाहतीच्या या गावात अठ्ठावीस घरं होती आणि त्यातल्या अठरा घरांत कर्ता पुरुष नव्हता. आजूबाजूची गावं याला बायकांचं गाव म्हणत. कुणी थट्टेनं, कुणी नुसतंच.

"फ्रांझनं मागणी घातलीय," मारीखे म्हणाली.

"गावाला ठाऊक आहे. विहिरीवर जायला त्याला तुझ्याच दारावरून रस्ता सापडतो."

"थट्टा नको, युस्टिना. मला धड झोप नाही आठ दिवस." तिनं कलिंगडाची फोड उचलली आणि परत ठेवली. "हार्डरकाका म्हणाले, चर्चच्या मंडळीची हरकत नाही. पण गेर्ट गेला असं सांगणारं कुणीतरी पाहिजे. त्याला मेलेला पाहिलेलं कुणी, नाहीतर त्याच्या रक्ताचं कुणी. बंधुसभेपुढं उभं राहून नुसतं म्हणायचं, तो गेला असं मी धरून चालते. बस. नाहीतर मी त्याची बायको. मग फ्रांझच्या घरात पाऊल ठेवलं की मंडळीतून बाहेर."

"माझ्याशिवाय त्याच्या रक्ताचं कुणी उरलेलं नाही."

"म्हणून तर आलेय."

ओसरीच्या टोकाला कोंबड्या चोची उघड्या टाकून धापत होत्या.

"तुला जड जाईल, ठाऊक आहे मला," मारीखे म्हणाली. "भाऊ तो तुझा. पण माझंही बघ की. एर्ना पंधरा वर्षांची झाली. बापाचा चेहरा तिला आठवत नाही, आणि तरी दर वाढदिवसाला विचारते, आई, बाबा आले तर मला ओळखतील का? काय सांगू तिला? मी इतकी वर्षं एकच सांगत आले, आत्यानं रस्ता बघितलाय, रस्त्यावर तो नव्हता. म्हणजे चालत पुढं गेला. म्हणजे कुठंतरी आहे." ती जराशी हसली. "तुझ्या त्या एका 'नाही'वर मी तेरा वर्षं काढली, युस्टिना. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर दोन वर्षांत विश्वास उडाला असता."

युस्टिनाच्या हातातल्या फोडीतून पाणी मनगटावर ओघळलं. ते तिनं पुसलं नाही.

"आता का लग्न करतेयस मग?" तिनं विचारलं. प्रश्न हवा होता त्यापेक्षा कठोर निघाला.

मारीखेनं वर पाहिलं. "थकले म्हणून," ती म्हणाली. "देवापुढं खोटं कशाला बोलू? तो मेला असं मला वाटत नाही. वाट बघून थकले. रात्री वाटतं, तो येतोय आणि मी दार लावून घेतेय. पण थकले, बाई."

मग मारीखे उठली आणि तिनं साली गोळा करून गुरांच्या टोपलीत टाकल्या.

"येशील रविवारी?"

"येईन," युस्टिना म्हणाली.

"एवढंच म्हणायचं. धरून चालते म्हणून. बघितलं असं नाही म्हणायचं. खोटं काहीच नाही त्यात."

"येईन म्हटलं ना."

*

एक्केचाळीस सालचा सप्टेंबर होता. जर्मन सैन्य पश्चिमेकडून येत होतं, आणि त्याआधी जर्मन बोलणाऱ्या गावांतले सोळा वर्षांवरचे सगळे पुरुष पूर्वेला हाकलायचा रशियन सरकारचा हुकूम आला होता. गेर्ट त्यांच्यात गेला. मळलेला तपकिरी कोट, पाठीवर पोतं, पोत्यात भाजलेला पाव. पायी. दोन्ही बाजूंना बंदूकवाले. चालता चालता जो पडेल तो तिथेच राहील, एवढंच गावाला कळलं होतं.

चौथ्या दिवशी गावात ठेवलेले पहारेकरी पळाले आणि बायका रस्त्यावर शोधायला निघाल्या. मारीखेला निघता आलं नाही, एर्ना दोन वर्षांची होती आणि तापानं फणफणली होती. म्हणून युस्टिना गेली. बाकीच्या बायका गाडी घेऊन मागून येत होत्या. तिला धीर नव्हता, ती पुढे चालत राहिली.

बीटाच्या शेतापलीकडे, गावापासून नऊ किलोमीटरवर, रस्त्याच्या कडेच्या चरात एक माणूस पालथा पडला होता. डोकं गवतात. एक बूट नव्हता. अंगात तपकिरी कोट, आणि कोटाच्या डाव्या कोपराला राखाडी ठिगळ.

ठिगळ तिनं लावलं होतं. मारीखेला फक्त सरळ टाके यायचे. हे आडवे, एकमेकांत अडकवलेले टाके युस्टिनाचे होते. प्रयोगशाळेत जखमेच्या पट्ट्या शिवताना तिला ते शिकवले होते.

ती दहा पावलांवर उभी होती. पुढे गेली नाही. किती वेळ, ते तिला कधीच आठवलं नाही, आणि वेळ न आठवणं हे तिच्या बाबतीत कधी होत नसे. माशा घोंघावत होत्या. जाऊन खांद्याला धरून उलटं करायचं, एवढंच काम होतं. प्रयोगशाळेत तिनं याहून वाईट पाहिलं होतं. तिला फक्त हे कळत होतं की उलटं केलं की ते कायमचं झालं, आणि तोवर झालेलं नाही.

मग ती मागे फिरली. गाडीवाल्या बायकांना म्हणाली, पुढे चर आहे, मेलेला कुणीतरी आहे, तुम्ही पुरा. त्यांनी पुरला. अंगात कोट तसाच ठेवून, घाईघाईत, कारण तोफा ऐकू यायला लागल्या होत्या. त्यांतलं कुणी गेर्टला चेहऱ्यानं ओळखत नव्हतं; त्या दुसऱ्या गावच्या होत्या.

संध्याकाळी मारीखेनं दारातच विचारलं, "गेर्ट दिसला?"

आणि युस्टिना म्हणाली, "नाही."

चेहरा दिसला नव्हता. चेहरा पाहिल्याशिवाय अमुक माणूस दिसला असं म्हणता येत नाही. कोट हातोहात फिरतात. गेर्ट तर असा की कुणी कुडकुडताना दिसला असता तर अंगातला काढून दिला असता. हे सगळं तिनं त्याच रात्री मनाशी मांडलं आणि त्यात कुठे चूक सापडली नाही. पुढे पोलंड, जर्मनीतली छावणी, जहाज, बोयनस आयर्सच्या धक्क्यावरचे तंबू, मग ही काटेरी झुडपांची माळरानं, सगळीकडे ते 'नाही' तिच्याबरोबर आलं आणि सगळीकडे खरंच राहिलं. या पंथाची माणसं शपथ घेत नाहीत. कोर्टात नाही, सरकारपुढे नाही, चर्चमध्येही नाही. हो म्हटलं की हो, आणि नाही म्हटलं की नाही. त्यापलीकडे कुणी काही विचारायचं नसतं. म्हणून मारीखेनंही त्या संध्याकाळनंतर पुन्हा कधी विचारलं नाही.

ती दुसऱ्यांदा विचारेल, याची युस्टिनानं पहिली दोन-तीन वर्षं वाट पाहिली होती.

*

बंधुसभा रविवारी दुपारी शाळेच्या खोलीत भरली. बाकांवर पुरुष, आजूबाजूच्या गावांतलेही धरून तीसेक असतील; बायकांना सभेत मत नसतं, पण ज्यांचं काम असतं त्यांना बोलावतात. मारीखे दारालगतच्या बाकावर बसली होती, हात मांडीवर, रविवारचा काळा झगा. फ्रांझ खिडकीपाशी उभा होता. पत्र्याचं छत उन्हानं तडतडत होतं.

मंडळीचे वडील हार्डरकाका सत्तरीचे होते. ऐकायला कमी यायचं, म्हणून सगळ्यांना वाटायचं ते रागावून बोलतात.

"बहीण युस्टिना," ते म्हणाले, "बस, बस. उभं राहायची गरज नाही."

"उभीच बरी आहे, काका."

"गेरहार्ड बोशमान. तुझा सख्खा भाऊ. एक्केचाळीस सालापासून पत्र नाही, निरोप नाही. रेड क्रॉसला तीनदा लिहिलं. बरोबर?"

"चारदा."

"चारदा. तर आता मंडळीपुढं सांग. तो या जगात नाही, असं तू धरून चालतेस का?"

एवढंच. हो म्हटलं की झालं असतं. तेही खरंच होतं. गेली तेरा वर्षं ती धरून चालली नव्हती, असं कुठे होतं? रेड क्रॉसची चार पत्रंही तिनं स्वतःच लिहिली होती, मारीखेच्या सांगण्यावरून, सुवाच्य अक्षरात, आणि प्रत्येक वेळी 'शेवटचा कुठे दिसला' या रकान्यात गावाचं नाव भरलं होतं. हो म्हटलं असतं तर मारीखेला लग्न करता आलं असतं, मंडळी उठली असती, अंगणात माटेच्या पाल्याच्या थंड पेयानं भरलेलं शिंग हातोहात फिरलं असतं. कुणाला काही कळलं नसतं.

तिनं मारीखेकडे पाहिलं. मारीखे ओठ घट्ट मिटून खाली बघत होती. चोरी करताना सापडलेली बाई बसते तशी बसली होती. जिवंत नवऱ्याला टाकून चालली आहे असं वाटणारी बाई.

"हो," युस्टिना म्हणाली. "पण कशावरून, तेही सांगायचंय."

"इतकी वर्षं झाली यावरून," एक जण मागून म्हणाला. "पुरे आहे की."

"वर्षांवरून नाही. मी त्याला पाहिला."

हार्डरकाकांनी कानामागे हात नेला. "काय म्हणाली?"

"मी त्याला पाहिला," ती मोठ्यानं म्हणाली. "मेलेला."

मग तिनं सांगितलं. नऊ किलोमीटर. बीटाचं शेत. पालथा. डावं कोपर, राखाडी ठिगळ, आडवे टाके. दहा पावलं. आवाज तिच्या रोजच्या आवाजासारखाच होता, आकडे सांगतानाचा. फक्त माशांचं सांगितलं नाही. आणि जे माहीत नव्हतं तेही सांगितलं: "चेहरा मी पाहिला नाही. कोट दुसऱ्या कुणाच्या अंगात असू शकेल. पण मला विचाराल तर तो गेर्ट होता. मला तेव्हाही ते ठाऊक होतं."

मग हार्डरकाकांनी अगदी हळू, त्यांच्या नेहमीच्या ओरडून बोलण्यापेक्षा फार हळू विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंस, पोरी?"

"तिनं विचारलं, गेर्ट दिसला का. चेहरा दिसला नव्हता. मी नाही म्हटलं."

"म्हणजे मग ते खोटं तर नव्हतं," पुढच्या बाकावरचे म्हातारे उन्रू म्हणाले. त्यांना बहुधा तिची बाजू घ्यायची होती. "शब्दानं बघितलं तर खरंच आहे ते."

"खोटं असतं तर बरं झालं असतं."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मारीखे उठली नव्हती. बसल्या जागेवरूनच बोलत होती.

"खोटं मी कधीतरी पकडलं असतं," ती म्हणाली. "हिचा चेहरा बदलला असता, दोन वेळा दोन गोष्टी सांगितल्या असत्या. माणूस खोटं बोलला की कुठंतरी सापडतोच. हिचं खरं होतं. ते कुठून पकडायचं?" ती युस्टिनाकडे वळली. "छावणीत माझ्याशेजारी निजायचीस तू. मी पोरीला सांगायचे, बाबा येतील. ऐकायचीस ना?"

"ऐकायचे."

"दर वेळी?"

"दर वेळी."

मारीखेनं मान हलवली, जणू एवढंच तिला तपासून घ्यायचं होतं.

हार्डरकाकांनी चष्मा काढून पुसला. बहीण मारीखे बोशमान विधवा आहे असं मंडळी मानते, ते म्हणाले, आणि कुणाची हरकत नसेल तर मार्चमध्ये लग्न होईल. कुणाची हरकत नव्हती. फ्रांझ खिडकीतून बाहेर बघत होता.

"आता दुसरं," काका म्हणाले. "युस्टिनानं मंडळीपुढं कबूल केलंय. तिच्याकडून मारीखेवर अन्याय झालाय. युस्टिना, तू क्षमा मागतेस?"

"मागते." ती मारीखेकडे तोंड करून उभी राहिली. "मारीखे, मला क्षमा कर."

अशा वेळी समोरच्यानं काय म्हणायचं, ते खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लहानपणापासून ऐकलेलं असतं. करते, असं म्हणायचं, हात पुढे करायचा, आणि पुढच्या रविवारी दोघींनी एकाच भाकरीचा तुकडा घ्यायचा. बहुतेक वेळा माणसं आधी म्हणतात आणि मनानं नंतर, घरी गेल्यावर, जमलं तर करतात. त्यालाही कुणाची हरकत नसते.

"मारीखे?" काका म्हणाले.

"नाही."

"काय म्हणाली?" त्यांनी शेजारच्याला विचारलं.

"नाही म्हणाली."

"मारीखे, पोरी, विचार करून बोल. क्षमा न करणाऱ्यालाही प्रभुभोजनाला बसता येत नाही. तिलाही नाही आणि तुलाही नाही."

"ठाऊक आहे, काका. पण आत्ता हो म्हटलं तर ते खरं नाही होणार." तिनं हात मांडीवरून उचलले नाहीत. "पुढचं पुढं. आत्ता नाही."

युस्टिनानं पुढे केलेला हात तसाच होता. तो तिनं खाली घेतला. तिला अपमान वाटला नाही. वाटायला हवा होता, बाकावरच्या कितीतरी माना खाली गेल्या होत्या. तिच्या मनात एवढंच आलं की तिला विचारलं गेलं आणि खरं उत्तर मिळालं. आणि ते उत्तर आता दोघींना घेऊन राहावं लागणार होतं.

*

पुढच्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर बाकाबाकावरून फिरली तेव्हा शेवटच्या बाकाच्या दोन टोकांना दोघी बसून होत्या. मधे चार हातांची मोकळी जागा. भाकरीची थाळी त्यांच्या पुढच्या बाकापर्यंत आली आणि तिथून परत गेली. एर्ना पुढे मुलींमध्ये बसली होती. तिनं एकदा मागे वळून पाहिलं, आधी आईकडे, मग आत्याकडे, आणि परत समोर बघायला लागली. तिलाही घरी सगळं सांगितलं गेलं असणार. दर वाढदिवशी विचारायचा तो प्रश्न आता तिच्यापाशी उरला नव्हता.

सोमवारी फ्रांझ दूध घेऊन आला. नळीकडे त्यानं पाहिलंही नाही. युस्टिनानं आकडा सांगितला, त्यानं मान हलवली. रांग गप्प होती. जाताना तो दारात थबकला.

"नुसतं हो म्हणून बसली असतीस तरी चाललं असतं," तो म्हणाला. "मला ती तशीही मिळाली असती."

"मिळाली असती."

"मग?"

युस्टिनानं पुढच्या किटलीचं झाकण काढलं. "तुला मिळाली असती. पण गेर्टला टाकून आली असती," ती म्हणाली. "आता तसं नाही."

फ्रांझला ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून त्यानं टोपी पार भुवयांपर्यंत ओढली.

"हे मी तिला सांगू?"

"नको."

"का?"

"तिला वाटेल मी काहीतरी मागतेय."

*

मार्चच्या पहिल्या आठवड्यात लग्नाची चिठ्ठी गावात फिरायला लागली. नवरीनं स्वतःच्या हातानं लिहायची, खाली बोलावलेल्यांची नावं घरांच्या क्रमानं, आणि ती पहिल्या घरी द्यायची. पहिल्या घरानं वाचून दुसऱ्या घरी, दुसऱ्यानं तिसऱ्या. नेऊन देणाऱ्यानं समोरच्याचं वाचून होईपर्यंत थांबायचं आणि त्यानं 'मिळाली' म्हटलं की परतायचं.

दुपारच्या आधी शेजारची ऑल्गा पेटकाऊ हात पुसत पुसत फाटकातून आत आली. "घे बाई, चुलीवर रस्सा आहे माझा, करपेल. वाच पटकन आणि मिळाली म्हण."

युस्टिनानं कागद घेतला. मारीखेचं अक्षर उजवीकडे झुकलेलं. शनिवारी, दुपारी दोन वाजता, शाळेच्या खोलीत, आणि नंतर फ्रांझ इझाक यांच्या अंगणात. खाली नावं. आठवं पेटकाऊंचं. नववं, युस्टिना बोशमान. त्या नावावरून एक सरळ रेघ मारलेली होती. दहावं, उन्रू कुटुंब.

रेघ पट्टी लावून मारली होती, खाडाखोड नव्हती. नाव खालून वाचता येत होतं. नावाची शाई निळी होती. रेघ काळ्या शाईची. म्हणजे एका बैठकीत झालेलं नव्हतं. आधी नाव लिहिलं होतं, मग कधीतरी, त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या टाकानं रेघ.

"काय गं?" ऑल्गानं तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि तोंडावर हात नेला. "अगं बाई! मी बघितलंच नाही गं. माझं नाव दिसलं आणि पुढं तूच, क्रमानं, म्हणून मी सरळ... दे इकडं. मी देते उन्रूंकडे."

"नको. तुझा रस्सा करपेल."

"चुलीत जाऊ दे रस्सा!"

"माझ्या घरी आलीय ना," युस्टिना म्हणाली. "पुढच्या घरी मीच पोचवायची."

ऑल्गा फाटकापर्यंत गेली, परत वळली, मग गेली. युस्टिनानं हात धुतले, कोरडे केले. वाऱ्यात धूळ होती. कागद मळू नये म्हणून तिनं तो स्वच्छ फडक्यात गुंडाळला आणि रस्त्याला लागली. उन्रूंचं घर दोनशे पावलांवर होतं.

उन्रूंची सून मार्गा अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. "अगंबाई, चिठ्ठी! ये ना मावशी, सावलीत ये, माटे घे थोडी."

"नको. वाच तू."

मार्गानं फडकं सोडून कागद उघडला. तिला अक्षरओळख थोडी कमी होती. ओळीखाली बोट ठेवून ती वाचायची. बोट नावांवरून खाली येत गेलं. सातवं, आठवं. नवव्यावर थांबलं. युस्टिना फाटकाच्या दांड्यावर हात ठेवून उभी होती. मार्गानं मान वर केली नाही. जरा वेळानं बोट एक ओळ खाली सरकलं.

"मिळाली," मार्गा म्हणाली.

युस्टिनानं फाटक ओढून घेतलं, कडी नीट बसली का ते पाहिलं आणि आली त्या रस्त्यानं परत निघाली.